दोन मिनिटांचं आकाश

२५ डिसेंबर २०२५ ला आमच्या उशाशी असलेला विमानतळ सुरू झाला आणि पनवेलात जो तो वर बघून चालायला लागला. भाजी घेताना वर, रिक्षाची वाट बघताना वर. त्याच दिवसांत मी अधूनमधून ज्या मासिकात लिहितो तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. ‘‘विमानतळावर लिहिणारे सतरा जण आहेत. तुमच्याकडे तो उडायचा व्हिडिओ गेम आहे ना? त्याचं परीक्षण द्या. हजार शब्द.’’

गेम होता ‘पायलटविंग्ज रिसॉर्ट’. मामेभावाने अमेरिकेहून येताना त्याचा जुना निन्टेन्डो थ्रीडीएस आणला, तेव्हा हीच एक कॅसेट त्यात होती. कपाटात, फराळाच्या रिकाम्या डब्यात पडून होती. म्हटलं, हजार शब्द म्हणजे एका रविवारचं काम. परीक्षण चार वेळा लिहावं लागलं. तीनदा परत आलं, चौथ्यांदा छापलं. त्या चार खेपांत जे कळलं ते इथे क्रमाने मांडतोय.

१. कुंडली चार ओळींत मांडावी

पहिल्या खेपेत मी दीड पान इतिहास लिहिला होता. पहिला ‘पायलटविंग्ज’ १९९० चा, सुपर निन्टेन्डोवरचा. दुसरा १९९६ चा, निन्टेन्डो ६४ बरोबर आलेला. तिसरा हा, २०११ चा, मॉन्स्टर गेम्स या अमेरिकी मंडळींनी बनवलेला. वीस वर्षांत तीनच गेम. यातलं वुहू बेटसुद्धा नवं नाही, ‘वी फिट’ आणि ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मध्ये लोक त्यावर आधीच पळून-खेळून आले होते.

हे सगळं खरं आहे. पण बाईंनी समासात लिहिलं, ‘‘मुलगी बघायला गेलात आणि पणजोबांपासून सुरुवात केलीत.’’ आता वर आहे तेवढंच ठेवलं. वाचणाऱ्याला घराण्याची ओळख पटली की पुरे, त्याला गेम कसा आहे ते हवं असतं.

२. कुठे बसून खेळलात ते आधी सांगा

हातातला कन्सोल म्हणजे हातातला. तो खेळण्याची जागा हा त्याच्या परीक्षणाचा अर्धा भाग असतो. हे मला लोकलने शिकवलं.

पनवेलकरांचं एक सुख आहे: गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. सीएसएमटीपर्यंत साधारण ८० मिनिटं. खिडकीशी बसलो, डबा उघडून थ्रीडीएस काढला. या यंत्राची ख्याती म्हणजे चष्म्याशिवाय दिसणारी त्रिमिती. वरच्या पडद्यावर अतिशय बारीक उभ्या फटींचा पडदा असतो. त्यातून डाव्या डोळ्याला एक चित्र जातं, उजव्याला दुसरं, आणि खोली दिसते. अट एवढीच, की डोळे पडद्याच्या बरोबर समोर हवेत. खांदेश्वर गेलं, मानसरोवर गेलं, तोवर ठीक होतं. खारघर सोडल्यावर गाडीने सांधा बदलला, हात दोन बोटं हलला आणि समोर हवेत तरंगणाऱ्या, ज्यातून विमान काढायचं, त्या एका कड्याची दोन कडी झाली. नेरूळला शेजारी एक काका टेकले. त्यांच्या कोपरासह माझं विमान समुद्रात.

पडद्याच्या कडेला एक सरकपट्टी असते, ती खाली ओढली की त्रिमिती बंद. वाशीच्या खाडीपुलावर मी ती ओढली आणि पुढचा प्रवास सुखाचा झाला. रात्री घरी गॅलरीतल्या झोपाळ्यावर, झोपाळा न हलवता, पुन्हा चालू केली. तेव्हा कळलं की ती नुसती शोभा नाही. हवेतलं कडं किती लांब आहे, वळायला कधी लागायचं, याचा अंदाज त्रिमितीत चांगला येतो.

पहिल्या खेपेत मी लिहिलं होतं, ‘त्रिमिती अप्रतिम.’ छापलं ते असं: ‘घरी चालू ठेवा, लोकलमध्ये बंद.’ यातलं दुसरं वाक्य वाचकाच्या कामाचं होतं.

३. वडापावला थाळीच्या मापाने मोजू नये

आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा वैमानिक व्हायला निघालाय. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, त्यातले निम्मे झालेत. म्हटलं, जाणकाराचं मत घ्यावं. त्याने पाच मिनिटं खेळून कन्सोल माझ्या हातात ठेवला. ‘‘काका, हे विमान नाही, रिक्षा आहे. ना चेकलिस्ट, ना फ्लॅप, ना एटीसीशी बोलणं. कळ दाबली की निघाली.’’

मी हुरळलो. दुसऱ्या खेपेत ‘वास्तवाचा अभाव’ म्हणून एक मोठा परिच्छेद ठोकला. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ पासून आहे, त्याच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रहाच्या चित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केली आहे, त्यापुढे हे पोरखेळ, वगैरे.

बाईंचा प्रश्न आला: ‘‘रिक्षा म्हणून कशी आहे?’’

या एका प्रश्नाने माझं परीक्षण जमिनीवर आलं. गेमला विमानशास्त्र शिकवायचंच नव्हतं. ज्याने आयुष्यात कधी स्टिक हातात धरली नाही, त्याला अर्ध्या मिनिटात हवेत नेणं एवढंच त्याने कबूल केलं होतं. ते त्याने केलं का? केलं. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याने कोणाला न विचारता विमान कड्यातून काढलं. कबूल केलेल्या गोष्टीला आधी गुण द्यावेत आणि मग आपल्या अपेक्षांची यादी काढावी.

४. विशेषणं पुसा, अंगठ्याकडे बघा

दुसऱ्या खेपेत ‘नियंत्रण सुलभ’ असं एक वाक्य होतं. सुलभ म्हणजे काय ते त्यात नव्हतं. म्हणून एका संध्याकाळी मी पाठीवरच्या रॉकेटची एकच मोहीम पुन्हा पुन्हा खेळलो आणि स्वतःच्या हातांवर लक्ष ठेवलं.

गेममध्ये मुख्य वाहनं तीन: विमान, पाठीवर बांधायचं रॉकेट आणि हँग ग्लायडर. रॉकेटला एक जोराचं बटण असतं, एक हलक्या उचलीचं. नवशिका जोराचंच दाबतो. मीही दाबलं. वर गेलो, लक्ष्याच्या पार पुढे गेलो, मागे यायला पुन्हा जोर, आणि लक्ष्याच्या बरोबर डोक्यावर आलो तेव्हा इंधन संपलेलं. दगडासारखा खाली. दुसऱ्यांदा तेच. सातव्या-आठव्या खेपेला अंगठा आपोआप शिकला: जोराचं बटण फक्त निघताना. मग हलकं, सोडा, हलकं, सोडा. उकळीला आलेल्या दुधाखालची आच आपण कमी-जास्त करतो, तसं. वेग आधीच मारायचा, लक्ष्याच्या थोडं अलीकडे. नजर खालच्या पडद्यावरच्या नकाशावर जाऊ द्यायची नाही, कारण तेवढ्यात माणूस दोन हात सरकतो. पाय टेकले तेव्हा धक्का इतका कमी होता की मीच दचकलो.

छापलेल्या परीक्षणात ‘सुलभ’ शब्द नाही. त्याजागी लिहिलं: ‘पहिल्या मिनिटात उडता येतं, उतरता यायला एक संध्याकाळ लागते.’ प्रत्येक मोहिमेत जास्तीत जास्त तीन तारे मिळतात आणि तिसरा तारा बहुधा उतरतानाच हुकतो, हेही त्यात आलं.

५. खऱ्या वाऱ्याची एक तरी झुळूक घ्या

तिसऱ्या खेपेपूर्वी मी कामशेतला जाऊन आलो. पनवेलहून द्रुतगती महामार्गाने घाट चढला की लोणावळ्याच्या पुढे कामशेत. तिथल्या डोंगरांवर पावसाळा सरल्यावर पॅराग्लायडिंग चालतं. मी पैसे भरून दोघांच्या छत्रीत पुढे बांधून घेतलं. मागचा पायलट एकच गोष्ट तीनदा बोलला: ‘‘साहेब, पळत राहा. बसू नका.’’ मी चौथ्या पावलाला बसलो. सगळेच बसतात म्हणे. पुढची धाव त्याने एकट्याने, माझ्यासकट काढली.

वर गेल्यावर दोन गोष्टी कळल्या. पहिली, आवाज. कानांत वारा आणि त्यात पायलटच्या खांद्यावरच्या व्हेरिओ या यंत्राची पीप-पीप. वर उचललं जायला लागलं की पीप घाईत येते, खाली जायला लागलं की आवाज पडतो. दुसरी, घार. उन्हाने तापलेल्या खडकावरून गरम हवा वर चढते, तिच्यात घार पंख न हलवता घिरट्या घेते. पायलट घारीकडे बघून वळला, आणि पोटात लिफ्ट सुरू झाल्यासारखं वाटलं. कर्नाळ्याच्या सुळक्याभोवती घारी अशाच फिरताना लहानपणापासून बघतोय, त्या तिथे काय करतात ते पन्नाशीत कळलं.

परत येऊन गेममधलं हँग ग्लायडर काढलं. तिथे वर चढणारी हवा डोळ्यांना दिसते, नुसतं तिच्यात शिरायचं. हे खोटं आहे, आणि मला वाटतं बरोबरही आहे. पोटातला तो खड्डा पडद्यातून देता येत नाही, व्हेरिओ ऐकायची सवय खेळणाऱ्याला नसते. म्हणून जे अंगाला कळायचं ते डोळ्याला दाखवलंय. मात्र एक गोष्ट हुबेहूब आहे: उंची ही शिल्लक असते. वळलात की खर्च, घाई केलीत की खर्च. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचने दोर ओढून बिनइंजिनाची विमानं वर सोडतात. दोर सुटला की तिथेही हाच हिशेब. कामशेतला गेलो नसतो तर गेममधलं खोटं मला दिसलं नसतं, आणि खरंही.

६. तक्रार करा, पण कोणासाठी ते सांगा

मोहिमा सरावापासून सुरू होतात, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड. त्यांचा कंटाळा आला की मोकळं उड्डाण आहे. बेटावर वाटेल तिथे भटका, फुगे फोडा. पण सुरुवातीला एका खेपेला दोनच मिनिटं. डोंगराच्या मागे काय आहे ते बघायला वळावं, तर वेळ संपली. बेटावरच्या गोष्टी गोळा करत गेलं की वेळ वाढवून मिळतो, तरी हात आखडताच. तिसऱ्या खेपेत मी यावर तुटून पडलो होतो. ‘आकाशाला मीटर लावलाय’ हे वाक्य तर मला फार आवडलं होतं.

मग एका सकाळी लोकलमध्ये सहज मोजलं. एक स्टेशन सुटल्यापासून पुढचं येईपर्यंत एक उड्डाण बेतशीर बसतं. दार उघडलं, माणसं चढली-उतरली, पुन्हा उडालो. रविवारी झोपाळ्यावर मात्र तीच दोन मिनिटं अंगावर येतात. म्हणजे तक्रार खरी होती, पण ती माझ्या रविवारची होती, सोमवारची नव्हती. दोन्ही लिहिलं. मीटरचं वाक्य राहिलं, त्याखाली ‘लोकलवाल्यांना हरकत नसावी’ एवढी ओळ वाढली. शिवाय मोहिमा थोड्याच संध्याकाळींत संपतात, उरतात ते हुकलेले तारे. ज्याला तारे पुरे करायची खाज नाही, त्याच्या हाती हा गेम लवकर रिकामा होतो. हेही सांगून टाकलं.

७. घेणाऱ्याच्या खिशाचं बघा

हा मुद्दा छोटा आहे, पण माझे पैसे गेलेत. हुरूप येऊन मी मुंबईतल्या एका दुकानातून दुसऱ्या एका गेमची जुनी कॅसेट आणली. घरी लावली तर यंत्र ओळख देईना. कॅसेट जपानी होती. थ्रीडीएसला प्रदेशाचं कुलूप असतं: अमेरिकी यंत्रावर अमेरिकी कॅसेट, जपानीवर जपानी. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शिवाय या यंत्राचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं. अमेरिकेत यंत्र आणि हा गेम बाजारात आले २७ मार्च २०११ ला, म्हणजे दुकान बंद झालं ते बरोबर बारा वर्षांनी. आता जे काही घ्यायचं ते जुन्या बाजारात, हातात घेऊन, डबीवरचा प्रदेश वाचून. आणि सहा वर्षांच्या व त्याहून लहान पोरांसाठी त्रिमिती बंद ठेवा, असं कंपनीच सांगते. भाचा आठचा असल्याने तो सुटला. या चार ओळींनी कोणाचे तरी पैसे वाचले असतील, तर माझ्या बाकीच्या शब्दांपेक्षा त्या भारी.

८. ज्याला गेममध्ये रस नाही त्याच्या हाती द्या

तिन्ही खेपांत खेळणारे मी, भाचा आणि पाच मिनिटं तो खालचा मुलगा, एवढेच. चौथ्या खेपेआधी आईच्या हाती दिला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. कडी, फुगे, तारे यांत तिला काडीचा रस नव्हता. मी मोकळं उड्डाण लावून दिलं आणि अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं.

बेटावर ठिकठिकाणी ‘आय’ अक्षराच्या खुणा तरंगत असतात. त्यातून गेलं की त्या जागेचं नाव उमटतं. इथे दीपगृह, इथे पडके अवशेष, इथे माका वुहू नावाचा ज्वालामुखी. मी त्यांना बोनस समजून सोडून देत होतो. आई दुसरं काहीच करेना. नाव उमटलं की मला वाचायला लावायची आणि पुढच्या खुणेकडे वळायची. दोन मिनिटं संपली की ‘‘अरे, पुन्हा लाव.’’ मधेच म्हणाली, ‘‘इथे राहतं कोण?’’ मी म्हटलं, ‘‘कोणी नाही गं. सुट्टीचं बेट आहे.’’ ‘‘मग नावं कोणासाठी?’’

मला उत्तर सुचलं नाही. तिने थ्रीडीएस मांडीवर ठेवला आणि बोटं मोडत म्हणायला लागली: ‘‘कोपर. कोल्ही. चिंचपाडा. वरचं ओवळे. वाघिवली, वाघिवलीवाडा. गणेशपुरी. तरघर. कोंबडभुजे. उलवे.’’ दहा. विमानतळासाठी उठलेली दहा गावं. यातल्या दोन गावांतली मुलं तिच्या हाताखाली बाराखडी शिकली. साधारण ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी फोडून सपाट झाली, उलवे नदीला नवी वाट काढून दिली, आणि आता तिथे ३७०० मीटरची धावपट्टी आहे. आपल्या माणसाचं, भूमिपुत्रांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव विमानतळाला लागावं म्हणून २०२१ साली इथले लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा आई गुडघ्यांमुळे गेली नव्हती. पण नावाला काय किंमत असते ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी तीन खेपा तारे मोजत बसलो होतो. गेमची सगळ्यात चांगली कल्पना माझ्या समोर तरंगत होती: वरून बघताना जमीन अनोळखी होते, म्हणून जवळ जा, खुणेतून जा, नाव विचार. उडण्याच्या गेममध्ये हे कोणाच्या डोक्यात आलं असेल त्याला माझा नमस्कार. आणि ते मला गेम न खेळणाऱ्या आईने दाखवलं. चौथ्या परीक्षणाची सुरुवात मी त्या खुणांपासून केली.

९. शेवट लांबवू नका

तिसऱ्या खेपेच्या शेवटी मी ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून दोनशे शब्द लिहिले होते. बाईंनी सगळे काढले. ‘‘धावपट्टी संपल्यावरही चालवताय,’’ म्हणाल्या. छापलेल्या परीक्षणाचा शेवट तीन ओळींचा आहे. तीनपैकी दोन तारे. तिसरा वेळेच्या आखडत्या हातामुळे हुकला. जुन्या बाजारात चांगल्या स्थितीत, योग्य प्रदेशाची कॅसेट मिळाली तर घ्या, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा नक्की द्या.

अंक आला त्या संध्याकाळी भाचा आला होता. तो आणि आई गच्चीवर गेले, मागोमाग मी चहा घेऊन. प्रबळगडावर शेवटचं ऊन होतं. दिवे लावलेलं एक विमान पश्चिमेला, खाली खाली उतरत चाललं होतं. भाचा कंपनीचं नाव ओळखायच्या नादात. ‘‘आजी, आता ते उतरलं असेल ना?’’

आईने डोळ्यांवर हात धरला. ‘‘थांब,’’ ती म्हणाली. ‘‘आत्ता कोल्हीपाशी आहे.’’